विश्लेषण : ‘ओपनहायमर’पाठोपाठ एका कोळसेवाल्याची गोष्ट! किलियन मर्फीने आयर्लंडची कोणती जखम पडद्यावर आणली?

२०२४च्या सुरुवातीला किलियन मर्फी हा आयरिश अभिनेता अवघ्या २४ दिवसांच्या अंतराने दोन मोठ्या मंचांवर दिसला. १५ फेब्रुवारीला त्याच्या ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ या चित्रपटाने बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा पडदा उघडला. १० मार्चला लॉस एंजेलिसमध्ये ‘ओपनहायमर’साठी त्याने सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर स्वीकारले. एका चित्रपटात तो अणुबॉम्बचा जनक, तर दुसऱ्यात गावोगावी कोळशाची पोती पोहोचवणारा साधा व्यापारी. पहिला चित्रपट जगभर गाजला, दुसऱ्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. मात्र मर्फी कुठून आला आणि मिळालेल्या प्रसिद्धीचे त्याने काय केले, हे समजून घ्यायचे असेल तर दुसऱ्या चित्रपटाकडे वळावे लागते.

किलियन मर्फी कोण आहे?

सर्वप्रथम नावाविषयी. इंग्रजी स्पेलिंग पाहून अनेक जण ‘सिलियन’ म्हणतात, पण योग्य उच्चार ‘किलियन’ असा आहे. आयरिश भाषेत ‘सी’ या अक्षराचा उच्चार ‘क’ असाच होतो.

त्याचा जन्म २५ मे १९७६ रोजी आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहराच्या डग्लस या उपनगरात झाला. घर शिक्षकांचे. आई फ्रेंच शिकवायची, वडील आयर्लंडच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. आजोबा, काका, आत्या यांच्यातही शिक्षकी पेशाच. चार भावंडांत तो थोरला. शिक्षण कॅथलिक संस्थेच्या शाळेत झाले. तिथेच स्थानिक ‘कॉर्काडोर्का’ नाट्यसंस्थेचे दिग्दर्शक पॅट किअरनन यांच्या एका कार्यशाळेत त्याला पहिल्यांदा रंगमंचाची चव कळली. तरीही त्या वयात त्याला व्हायचे होते ते संगीतकार.

वकिलीची परीक्षा, संगीताचा करार आणि नाटक... १९९६ मध्ये काय घडले?

मर्फीने धाकट्या भावासोबत एक बँड काढला होता. गिटार आणि गाणे ही त्याची बाजू. हा बँड इतका जमून आला की लंडनच्या ‘ॲसिड जॅझ’ या रेकॉर्ड कंपनीने पाच अल्बमचा करार देऊ केला. पण भाऊ अजून शाळेत होता आणि करारानुसार गाण्यांवरचे हक्कही बऱ्याच प्रमाणात सोडावे लागणार होते. त्यामुळे करार नाकारण्यात आला.

दुसरीकडे कॉर्कच्या विद्यापीठात त्याने कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. अभ्यासात मन नव्हते आणि निकालही तसाच लागला. पहिल्याच वर्षी तो नापास झाला. मधल्या काळात ‘कॉर्काडोर्का’ने एका नाइट क्लबमध्ये केलेला ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’चा प्रयोग त्याने पाहिला होता आणि तेव्हापासून त्याने किअरनन यांच्यामागे कामासाठी तगादा लावला होता. अखेर त्याला एन्डा वॉल्श या तरुण नाटककाराच्या ‘डिस्को पिग्ज’ या दोन पात्री नाटकात भूमिका मिळाली.

हे नाटक कॉर्कमध्ये जेमतेम तीन आठवडे चालणार होते. प्रत्यक्षात पुढची सुमारे दोन वर्षे त्याने युरोप, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचा दौरा केला. नाटकात त्याच्यासोबत आयलीन वॉल्श ही अभिनेत्री होती. लेखक एन्डा आणि अभिनेत्री आयलीन ही दोन नावे लक्षात ठेवायला हवीत, कारण तब्बल २७ वर्षांनी ती पुन्हा त्याच्या गोष्टीत येतात.

चित्रपटांत ओळख कशी मिळाली?

‘डिस्को पिग्ज’वर २००१ मध्ये चित्रपट झाला आणि त्यातही मर्फीच होता. पण जगाने त्याला पाहिले ते डॅनी बॉइल यांच्या ‘ट्वेंटीएट डेज लेटर’ (२००२) मध्ये. रुग्णालयात शुद्धीवर आलेला एक तरुण बाहेर पडतो, तर संपूर्ण लंडन निर्मनुष्य. रस्ते वाहतुकीसाठी फार काळ बंद ठेवणे शक्य नव्हते. त्यामुळे पहाटेच्या वेळी, थोड्या थोड्या मिनिटांसाठी वाहने थांबवून आणि हलक्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या मदतीने ही दृश्ये टिपण्यात आली. सुमारे ८० लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने आठ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

त्यानंतर ख्रिस्तोफर नोलन यांची गाठ पडली. ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) साठी मर्फीने थेट बॅटमॅनच्याच भूमिकेची चाचणी दिली होती. भूमिका ख्रिश्चन बेलला मिळाली. पण चाचणीतले मर्फीचे डोळे नोलन यांच्या मनातून गेले नाहीत, आणि त्यांनी त्याला ‘स्केअरक्रो’ हा खलनायक दिला. त्याच वर्षी विमानातल्या थरारावर बेतलेला ‘रेड आय’ आणि नील जॉर्डन यांचा ‘ब्रेकफास्ट ऑन प्लूटो’ आला. दुसऱ्या चित्रपटात त्याने आईच्या शोधात लंडनला निघालेल्या एका तृतीयपंथी व्यक्तीची भूमिका केली आणि गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळवले. हॉलीवूडचा खलनायक म्हणून त्याच्यावर शिक्का बसण्याचा धोका होता. तो त्याच वर्षी टळला.

‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ महत्त्वाचा का?

२००६ मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांच्या या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च ‘पाम दोर’ सन्मान मिळाला. कथा मर्फीच्या घरचीच, म्हणजे कॉर्क परगण्यातली. काळ १९२० च्या आसपासचा. लंडनला नोकरीसाठी निघालेला तरुण डॉक्टर डॅमियन ब्रिटिश सैनिकांचा अत्याचार पाहतो, जाणे रद्द करतो आणि भावासोबत सशस्त्र लढ्यात उतरतो.

पुढे १९२१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनशी करार होतो. मात्र त्यात बेटाची फाळणी कायम राहते आणि पूर्ण स्वातंत्र्य मिळत नाही. त्यावरून काल एकाच बाजूने लढणारे लोक एकमेकांवर बंदुका रोखतात, आणि दोन सख्खे भाऊही. फाळणीचा अनुभव असलेल्या भारतीय प्रेक्षकाला यातले बरेच काही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लोच यांनी चित्रीकरण कथेच्या क्रमानेच केले आणि कलाकारांना पुढे काय घडणार हे आधी सांगितले नाही. त्यामुळे मर्फीच्या चेहऱ्यावरचा धक्का अनेक ठिकाणी खराच आहे.

टॉमी शेल्बीने काय बदलले?

भारतातल्या तरुण प्रेक्षकांना मर्फी माहीत आहे तो प्रामुख्याने ‘पीकी ब्लाइंडर्स’मुळे. पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्मिंगहॅममधल्या टोळीची ही मालिका बीबीसीवर २०१३ मध्ये सुरू झाली आणि सहा पर्वांनंतर २०२२ मध्ये संपली. नेटफ्लिक्समुळे ती जगभर पोहोचली. टोपी, बारीक कापलेले केस आणि थंड नजर असलेला टॉमी शेल्बी आजही रील्समध्ये ‘यशाचे मंत्र’ सांगताना दिसतो. प्रत्यक्षात ही भूमिका आहे युद्धातून परतलेल्या आणि रात्री झोप न येणाऱ्या माणसाची.

ही भूमिकाही त्याला सहज मिळाली नाही. मालिकेचे निर्माते स्टीव्हन नाइट यांच्यासमोर जेसन स्टॅथम हा धिप्पाड पर्याय होता. प्रत्यक्ष भेटीत सडपातळ, मृदू बोलणाऱ्या मर्फीपेक्षा स्टॅथमच अधिक शोभून दिसला, असे नाइट यांनीच सांगितले आहे. त्यानंतर मर्फीने त्यांना एक छोटासा संदेश पाठवला. आशय इतकाच की, मी अभिनेता आहे हे विसरू नका. भूमिका त्याला मिळाली.

‘ओपनहायमर’पर्यंत तो कसा पोहोचला?

नोलन यांच्यासोबत मर्फीने ‘बॅटमॅन’ त्रयी, ‘इन्सेप्शन’ आणि ‘डंकर्क’ असे पाच चित्रपट केले. पाचही वेळा तो दुय्यम भूमिकेत होता. मुख्य भूमिकेसाठी फोन आला तो २०२१ मध्ये, म्हणजे पहिल्या भेटीनंतर जवळपास दोन दशकांनी. मर्फीने पटकथा वाचण्याआधीच होकार दिला. नोलन स्वतः डब्लिनला आले आणि लाल कागदावर छापलेली पटकथा त्याच्या हाती ठेवली. लाल कागदाची प्रत यंत्रावर सहजासहजी काढता येत नाही, हे त्यामागचे कारण. पटकथेतील बराचसा भाग प्रथमपुरुषी, म्हणजे ‘मी खोलीत शिरतो’ अशा शैलीत लिहिला होता. चित्रपट ओपनहायमरच्या डोक्यातून दिसणार, हे त्यातूनच स्पष्ट होते.

भारताशी असलेला धागा इथे येतो. रॉबर्ट ओपनहायमर बर्कली विद्यापीठात आर्थर रायडर या प्राध्यापकाकडे संस्कृत शिकले होते आणि भगवद्गीता मुळातून वाचत. तयारीचा भाग म्हणून आपणही गीता वाचली आणि ती अतिशय सुंदर वाटली, असे मर्फीने प्रदर्शनाच्या वेळी भारतीय समीक्षकाशी बोलताना सांगितले होते. चित्रपटात गीतेचा संदर्भ एका प्रणयदृश्यात आल्याने भारतात वाद झाला. तत्कालीन माहिती आयुक्त उदय माहूरकर यांनी नोलन यांना खुले पत्र लिहून आक्षेप नोंदवला. वाद होऊनही चित्रपट इथे जोरात चालला.

जगभरात ९५ कोटी डॉलरहून अधिक कमाई आणि सात ऑस्कर, असा ‘ओपनहायमर’चा हिशेब झाला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अभिनेत्याला प्रमुख भूमिकेसाठी ऑस्कर मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. डॅनियल डे-लुईसकडे आयरिश नागरिकत्व आहे, पण त्याचा जन्म लंडनचा. डब्लिनमध्ये जन्मलेले बॅरी फिट्झगेराल्ड आणि ब्रेंडा फ्रिकर यांना ऑस्कर मिळाले ते सहायक भूमिकांसाठी. मर्फीने पुरस्कार शांततेसाठी काम करणाऱ्यांना अर्पण केला आणि भाषणाचा शेवट आयरिश भाषेतल्या आभाराने केला.

‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ काय आहे?

‘ओपनहायमर’च्या न्यू मेक्सिकोतील चित्रीकरणादरम्यान सहकलाकार मॅट डेमनने आपण आणि बेन ॲफ्लेक नवी निर्मिती संस्था काढत असल्याचे मर्फीला सांगितले. मर्फीने लगेच त्याच्यासमोर क्लेअर कीगन यांच्या कादंबरीचा विषय मांडला. ही छोटीशी कादंबरी २०२१ मध्ये प्रकाशित झाली आणि पुढच्या वर्षी बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली. अणुबॉम्बवरच्या चित्रपटाच्या सेटवर एका कोळसेवाल्याच्या चित्रपटासाठी पैसे उभे राहिले ते असे.

मर्फीच्या ‘बिग थिंग्ज फिल्म्स’ या संस्थेची ही पहिली निर्मिती. पटकथा एन्डा वॉल्श यांची आणि नायकाच्या पत्नीच्या भूमिकेत आयलीन वॉल्श. म्हणजेच ‘डिस्को पिग्ज’ची मंडळी पुन्हा एकत्र आली. दिग्दर्शन ‘पीकी ब्लाइंडर्स’च्या तिसऱ्या पर्वाचे दिग्दर्शक टिम मीलांट्स यांनी केले.

कथा १९८५ च्या नाताळच्या दिवसांतली, वेक्सफर्ड परगण्यातल्या न्यू रॉस या गावातली. बिल फर्लाँग हा कोळसा-लाकडाचा व्यापारी. घरी पत्नी आणि पाच मुली. गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये कोळसा टाकायला गेला असताना तिथल्या कोळशाच्या कोठारात त्याला थंडीने गारठलेली एक मुलगी कोंडलेली सापडते. बिल स्वतः अविवाहित आईचा मुलगा आहे. त्याची आई जिथे काम करायची त्या घरच्या मालकिणीने तिला हाकलले नाही, म्हणून तो वाचला. आता प्रश्न त्याच्यासमोर आहे. बोलायचे की गप्प बसायचे? गावातली मुलींची शाळाही त्याच कॉन्व्हेंटच्या ताब्यात आहे आणि त्याच्या धाकट्या मुलींना तिथेच प्रवेश हवा आहे. ‘आपल्याला काय करायचे आहे’ असे त्याला जवळचेच लोक समजावतात.

मर्फी या चित्रपटात फार कमी बोलतो. रोज संध्याकाळी घरी आल्यावर तो न्हाणीघरात ब्रशने हातावरची काजळी घासत राहतो, आणि त्याच्या मनात काय चालले आहे ते त्या घासण्यातून कळते. मठप्रमुख ननच्या भूमिकेसाठी एमिली वॉटसनला बर्लिनमध्ये सर्वोत्कृष्ट सहायक अभिनयाचा ‘सिल्व्हर बेअर’ मिळाला.

‘मॅग्डलेन लॉन्ड्री’ म्हणजे काय?

नन्सच्या संस्था चालवत असलेल्या या धुलाई केंद्रांत लग्नाआधी गरोदर राहिलेल्या, अनाथ, गरीब, घरच्यांना ‘डोईजड’ झालेल्या किंवा किरकोळ गुन्ह्यात अडकलेल्या मुली आणि स्त्रियांना ठेवले जाई. दारे बंद, काम दिवसभर आणि मजुरी शून्य. अनेकींची नावेही बदलली जात. त्यांनी धुतलेले कपडे असत ते हॉटेलांचे, रुग्णालयांचे आणि सरकारी खात्यांचेही.

१९९३ मध्ये डब्लिनमधल्या एका संस्थेने जमीन विकली आणि तिथल्या दफनभूमीतून १५५ मृतदेह काढण्यात आले. अनेकींच्या मृत्यूची नोंदच नव्हती. त्यानंतर हा विषय दडपणे अवघड झाले. तरी शेवटची लॉन्ड्री बंद झाली ती ऑक्टोबर १९९६ मध्ये. मर्फी त्या वेळी २० वर्षांचा होता आणि ‘डिस्को पिग्ज’ करत होता. थोडक्यात, ही मध्ययुगातली गोष्ट नाही.

सरकारी चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला. १९२२ पासून सुमारे १० हजार स्त्रिया या केंद्रांत गेल्या आणि ज्यांच्या प्रवेशाची माहिती मिळते त्यांपैकी सुमारे २६ टक्के जणींना पाठवण्यात सरकारी यंत्रणेचा हात होता, असे त्यात नमूद होते. तत्कालीन पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. पुढे २०२१ मध्ये अविवाहित मातांसाठीच्या निवासगृहांवरील आयोगाने, तिथे सुमारे नऊ हजार बालके दगावल्याचे सांगितले. तेव्हाही पंतप्रधानांना माफी मागावी लागली.

मग चित्रपटाची गरज काय?

अहवाल आले, माफी मागून झाली, भरपाई योजनाही सुरू झाली. मग पुन्हा तोच विषय कशाला, असा प्रश्न आयर्लंडमध्येही विचारला जातो. शिवाय पीटर मुलन यांच्या ‘द मॅग्डलेन सिस्टर्स’ (२००२) ने लॉन्ड्रीच्या भिंतींआड काय चालायचे ते आधीच दाखवले होते.

फरक असा, की ‘स्मॉल थिंग्ज...’ भिंतीच्या बाहेर उभा राहतो. गावाला माहीत होते का? माहीत असेल तर गाव गप्प का राहिले? दोष केवळ नन्सवर टाकला की बाकीचे मोकळे होतात. बिलची गोष्ट ती पळवाट बंद करते. आयर्लंडला एक सामूहिक आघात झाला आहे आणि तो आपण अजून पचवतो आहोत, अशा जखमेवर कला फुंकर घालू शकते, अशा आशयाची भूमिका मर्फीने बर्लिनमध्ये मांडली होती.

मराठी वाचकांना या इतिहासाचा एक धागा जवळचा वाटेल. बेळगावहून आयर्लंडला गेलेल्या दंतवैद्यक सविता हलप्पनवार यांचा ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवे येथे मृत्यू झाला. १७ आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असतानाही त्यांनी मागितलेला गर्भपात नाकारण्यात आला होता, आणि पुढे जंतुसंसर्गाने त्या दगावल्या. त्यानंतर उसळलेल्या आंदोलनाची परिणती २५ मे २०१८ च्या सार्वमतात झाली. ६६ टक्के मतदारांनी घटनेतली गर्भपातबंदी हटवण्याच्या बाजूने कौल दिला. लॉन्ड्रीत कोंडलेल्या मुली आणि सविता यांच्यात अनेक दशकांचे अंतर आहे. पण स्त्रीच्या शरीराबाबतचा निर्णय तिच्याऐवजी दुसरेच कुणी घेणार, हा नियम दोन्हीकडे सारखाच होता.

एवढ्याशा देशातून इतके अभिनेते कसे?

आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ५० लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. तरी २०२३ च्या ऑस्करमध्ये अभिनयाच्या २० नामांकनांपैकी पाच आयरिश कलाकारांची होती. कॉलिन फॅरेल, ब्रेंडन ग्लीसन, बॅरी कीओगन, केरी कॉन्डन आणि पॉल मेस्कल अशी ही यादी. याची तीन कारणे सांगता येतील. छोट्या शहरांतही जिवंत असलेली रंगभूमी, हे पहिले. मर्फी घडला तो याच व्यवस्थेतून. दुसरे, १९९३ मध्ये पुन्हा सुरू झालेले चित्रपट मंडळ, जे आज ‘स्क्रीन आयर्लंड’ या नावाने नवोदितांना अर्थसाह्य देते. आणि तिसरे, निर्मिती खर्चावर मिळणारी करसवलत, ज्यामुळे परदेशी चित्रीकरणे देशात येतात आणि स्थानिक तंत्रज्ञांच्या हाताला काम मिळते.

आता पुढे काय?

२०१५ मध्ये मर्फी लंडनमधला मुक्काम हलवून पत्नी, दृश्यकलाकार यव्होन मॅकगिनेस आणि दोन मुलांसह डब्लिनला परतला. समाजमाध्यमांवर तो नाही, पार्ट्यांत क्वचितच दिसतो आणि मुलाखती देताना अवघडलेला असतो. ऑस्करनंतर सुपरहिरोपटांकडे वळण्याऐवजी त्याने मीलांट्स यांच्यासोबतच ‘स्टीव्ह’ (२०२५) केला. त्यात तो वाया गेलेली मुले म्हणून समाजाने बाजूला टाकलेल्या विद्यार्थ्यांच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. शिक्षकांच्या घरातून आलेल्या मर्फीसाठी हा विषय परका नव्हता. टॉमी शेल्बीलाही त्याने सोडलेले नाही. ‘पीकी ब्लाइंडर्स’वर बेतलेल्या ‘द इमॉर्टल मॅन’ या चित्रपटासाठी त्याने पुन्हा ती टोपी घातली.

दरम्यान, २०२४ मध्ये त्याने आणि यव्होनने केरी परगण्यातल्या डिंगल या किनारी गावातले ‘फिनिक्स’ हे बंद पडलेले चित्रपटगृह विकत घेतले. १०० वर्षांहून जुनी ही वास्तू २०२१ मध्ये बंद झाली होती. लहानपणी सुट्टीत तो तिथेच चित्रपट पाहायला जायचा. गावासाठी ते पुन्हा सुरू करायचे, असा या दांपत्याचा निर्धार आहे. एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक बंद होताना पाहिलेल्या आपल्या गावांना, ऑस्कर मिळालेल्या वर्षी एका अभिनेत्याने केलेल्या या खरेदीचे मोल वेगळे सांगायला नको.